पडद्याआडचा कागद

"डावा हात वर कर बघू."

ती करेना. टेबलाच्या कडेवर पाय सोडून बसली होती, उजव्या हातानं डावी कूस दाबून. मी म्हटलं, "अगं, लाजायचं काय त्यात? इथं मी आणि तू. हात वर केल्याशिवाय झंपर निघायचा कसा?"

"लाजत न्हाई सिस्टर. हात वर जाईना."

मग मी माझी युक्ती काढली. काढताना दुखऱ्या बाजूची बाही शेवटी काढायची आणि घालताना आधी घालायची. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. आधी उजवी बाही काढली, पाठीमागून झंपर सरकवत आणला आणि डाव्या हातावरून अलगद खाली ओढला. बघते तर काय, काखेपासून कमरेपर्यंत पोरीची डावी बाजू काळीनिळी झालेली.

"कशानं गं हे?"

"जिन्यावरनं पडले." पाठ केल्यासारखं एका दमात म्हणाली.

जिन्यावरून पडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती. त्यांचं कोपर सोलतं, गुडघा फुटतो, कपाळाला टेंगूळ येतं. हिचे कोपर-गुडघे धड होते. पण माझं काम विचारायचं नव्हतं, पेशंट तयार करायचं होतं.

ही गोष्ट शहाण्णव सालची. तगारे डॉक्टरांच्या दवाखान्यात मला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. मी काही शिकलेली नर्स नव्हे. प्रभावती सुतार, सातवी पास. झाडलोट करायला लागले आणि हळूहळू पडद्याआडचं सगळं काम माझ्याकडे आलं. पोट तपासायचं असेल तर पेशंटला उताणं निजवून गुडघे वर घ्यायला लावायचं, म्हणजे पोट सैल पडतं. पाठ ऐकायची असेल तर बसवून दोन्ही हात उलट्या खांद्यांवर ठेवायला सांगायचं. नाडी सैल करायची, चादर घालायची, जेवढं बघायचंय तेवढंच उघडं ठेवायचं. आणि सगळं झालं की "तयार!" म्हणून हाक मारायची. माझी हाक गेल्याशिवाय डॉक्टरसुद्धा पडद्याच्या आत पाऊल टाकत नसत. बाहेर ते सगळ्यांवर डाफरायचे, पण त्या पडद्यापाशी ऐकायचे माझं. सगळे मला सिस्टर म्हणायचे आणि मीही खुशाल म्हणवून घ्यायची.

आणखी एक शिस्त होती. पेशंटच्या अंगावरचं जे जे उतरेल ते त्याच क्षणी नातेवाइकाच्या हातात द्यायचं, तेही मोठ्यानं सांगून. कारण एकदा एका बाईचं डोरलं हरवलं म्हणून तिच्या भावकीनं दवाखान्याच्या काचा फोडल्या होत्या. डोरलं नंतर तिच्याच घरात कणगीमागं सापडलं, पण काचा गेल्या त्या गेल्या. तेव्हापासून माझा हात आपोआप पडद्याबाहेर जायचा.

त्या दिवशीही गेला. झंपर काढताना आतून एक छोटी कापडी पिशवी खाली पडली, बायका सुट्टे पैसे ठेवतात तसली. मी ती उचलली, पडद्याबाहेर हात काढला आणि म्हटलं, "हे घ्या मावशी, सुनेची पिशवी. बघून घ्या."

पलीकडच्या स्टुलावर तिची सासू, हौसाबाई, बसली होती. तिनं पिशवी घेतली. मी वळले आणि पोरीचं तोंड बघून जागच्या जागी थांबले. रक्तच उतरलं होतं तोंडावरचं. तिनं माझं मनगट धरलं. एवढ्याशा पोरीच्या हातात एवढा जोर कुठून आला, देव जाणे.

"सिस्टर, काय केलंसा?" ती पुटपुटली. "त्यात चिठ्ठी हाय. दादाला लिवल्याली."

"कोण दादा?"

"माझा भाऊ. तुमालाच देणार व्हते, पेटीत टाका म्हनून. घरातनं भायेर पडायला आज गावलंय चार म्हयन्यांनी. ती त्यास्नी गावली तर मी उद्या न्हाई, सिस्टर. खोटं न्हाई सांगत."

मी तिच्या कानाशी वाकले. "सासूला वाचता येतं?"

"त्यास्नी न्हाई. पर भावजींस्नी येतंय. भायेर हाईत."

हिचा थोरला दीर हिंदुराव. जीप घेऊन तोच आला होता. नावनोंदणीच्या वेळी मी त्याला पाहिलं होतं. पांढरा नेहरू शर्ट, बोलणं अगदी मऊ. "आमच्या शालनला जरा बघा, डॉक्टर. नवरा फौजेत आहे, आमचीच जबाबदारी," असं म्हणाला होता. मला तो बरा वाटला होता, हे आता सांगायलाही लाज वाटते.

मी शालनला उजव्या कुशीवर निजवलं, डोक्याखाली उशी दिली, अंगावर चादर ओढली. हात काम करत होते, डोकं भलतीकडेच होतं. ती पिशवी परत कशी आणायची? पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं.

हौसाबाईंनी पिशवी उघडली होती. त्यांच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं, दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेलं. अक्षरओळख नसलेली माणसं कागद निरखतात तशा त्या निरखत होत्या. उलटा केला, परत सुलटा केला. आणि व्हरांड्याच्या दारात, दार अर्धं लोटून, हिंदुराव उभा होता.

"आई, काय गं ते?"

"कागद हाय कसला तरी."

"बघू."

बायकांच्या तपासणीच्या खोलीत पुरुषानं उंबरा ओलांडायचा नाही, हा आमच्याकडे दंडक होता. त्यानं तो पाळला, पण हात आत केला.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. पडदा सारून मी पुढं झाले. "मागच्या दवाखान्याचा कागद आहे का तो, मावशी? डॉक्टरांना लागतो. द्या इकडं."

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. उंच, हाडकुळी बाई. कपाळावर बंदा रुपयाएवढं कुंकू. आली तेव्हापासून एक शब्द गोड बोलली नव्हती. सुनेला "चल गं, पाय उचल" म्हणून दामटत आत आणली होती. असल्या सासवा मी ओळखून होते.

"आमाला काय कळतंय," त्या म्हणाल्या. "तुमीच वाचा. मोठ्यानं वाचा बाई, म्हंजे आमाला बी समजंल."

आणि कागद माझ्या हातात आला. हिंदुराव दारातच होता. मी वाचायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"दादा," असं लिहिलं होतं, "थोरल्या बाई पाय घसरून विहिरीत गेल्या नाहीत. मी माळवदावरून सगळं बघितलं आहे. भावजींना आता कळलं आहे की मला ठाऊक आहे. मंगळवारी त्यांनी मला जिन्याखाली नेऊन लाथांनी मारलं. पुढच्या खेपेला मी उठणार नाही. आमच्या ह्यांना पत्र पोचत नाही, भावजी फोडतात. तू येऊन मला घेऊन जा. एकटा येऊ नको."

खाली पत्ता होता.

थोरल्या बाई म्हणजे हिची थोरली जाऊ. म्हणजे ह्याची बायको. आणि हा चार हातांवर उभा, मऊ आवाजात म्हणतोय, "वाचा की बाई."

देवानं मला अक्कल फार दिलेली नाही, पण तोंड दिलंय. मी वाचायला लागले.

"श्री अंबाबाई प्रसन्न," मी म्हटलं. "आई, माझे मालक सीमेवरून सुखरूप घरी येऊ देत. मी तुझी खणानारळानं ओटी भरीन. पाच शुक्रवार उपास धरीन." मी कागद उलटवला. "हा नवस आहे मावशी. दवाखान्याचा नाही."

"येवढंच?" हौसाबाई म्हणाल्या. "लिवलंय तर लई की."

मेल्या म्हातारीला अक्षर कळत नव्हतं, पण कागद किती भरलाय ते दिसत होतं. मी आणखी रेटलं. "घरात सगळ्यांना सुख लाभू दे. थोरल्या भावजींच्या धंद्याला बरकत येऊ दे. सासूबाईंचे गुडघे बरे होऊ देत."

"माझं गुडघं? माझ्या गुडघ्यास्नी काय झालंय? धडधाकट हाईत की."

दारातून हिंदुराव बघत होता, कागदाकडं नव्हे, माझ्या तोंडाकडं.

"तसेच राहू देत, असं लिहिलंय," मी म्हटलं. "अक्षर जरा गिचमिड आहे."

हौसाबाईंनी पदर खांद्यावर सारखा केला.

"आणा इकडं," हिंदुराव म्हणाला. "आमच्या शालनला नवस कधीपासून सुचायला लागले, बघू तरी."

त्यानं तळहात उघडून पुढं केला. बोटात दोन अंगठ्या होत्या. त्या हाताकडे बघताना एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती, ह्याच हातानं बायकोला विहिरीत ढकललं. आणि मी तो कागद द्यायला निघाले होते. खरंच सांगते, एक पाऊल टाकलंही होतं. भीतीनं माणूस सांगितलेलं ऐकतो.

दाराकडे जायच्या वाटेवर स्टँडवर उकळतं भांडं होतं. चिमटे, कात्र्या, सुया त्यात उकळत ठेवायचो. झाकण बाजूला होतं, वाफ येत होती. माझा हात त्या वाफेवर गेला आणि बोटं सुटली.

"अगं बाई गं!"

कागद पाण्यावर एक क्षण तरंगला. मी लांब चिमटा घेऊन काढायचं नाटक केलं, खरं म्हणजे खाली दाबला, ढवळला. वहीचा पातळ कागद तो, किती टिकणार? चिमट्याला लगदा लागून आला.

"हात भाजला हो," मी म्हटलं आणि बोटं तोंडात घातली. ती खरोखरच भाजली होती, ते मला तासाभरानं कळलं.

हिंदुरावनं लगद्याकडे पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "बाई, नाव काय तुमचं?"

"प्रभा. प्रभावती सुतार."

"राहता कुठं?"

मी सांगणार नव्हते. पण हौसाबाईच उसळल्या. "पोरगी हितं उघडी पडलीया आन् तू दारात उभा ऱ्हाऊन पत्तं इचारतोस? लाज हाय का जरा? भायेर हो!"

त्यानं आईकडे एकदा पाहिलं आणि दार ओढून घेतलं. पण त्याच्या चपला वाजल्या नाहीत. म्हणजे तो दारापलीकडेच उभा होता.

मी पडद्याआड गेले. शालन डोळे मिटून पडली होती. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन पत्ता म्हटला. "बाळासो ज्ञानू खोत, चांदेवाडी, तालुका शाहूवाडी. बरोबर?" तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी थेट उशीत गेलं.

"हे बघ," मी पुटपुटले, "डॉक्टर कुठं दाबतील तिथं ओरड. लाजू नको. मोठ्यानं ओरड."

मग मी हाक मारली, "तयार!" आवाज कुणा दुसरीचाच वाटला मला.

डॉक्टर आले. त्यांनी बरगड्यांवरून बोटं फिरवली, शालन ओरडली. मी तिला उताणी केली, गुडघे वर घ्यायला लावले, त्यांनी पोट चाचपलं, ती परत ओरडली. डॉक्टरांचं तोंड गंभीर झालं. बाहेर जाऊन ते हिंदुरावाला म्हणाले, "दोन बरगड्या मोडल्यात बहुतेक. आत रक्तस्राव आहे की काय ते पाहायला हवं. दोन दिवस इथं ठेवा."

"उद्या सांगलीला नेऊन फोटोच काढतो की, डॉक्टर," हिंदुराव म्हणाला. "इथं कशाला तुम्हाला त्रास?"

डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. मी पट्टी बांधली, झंपर घातला, डावी बाही आधी. शालननं जाताना मागं वळून पाहिलं नाही. हौसाबाईंनी तिला दंडाला धरून जीपमध्ये चढवलं आणि स्वतः मागं बसल्या. मी व्हरांड्यात उभी राहून त्या म्हातारीला मनातल्या मनात सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या.

जीप वळल्यावर मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं भडाभडा सांगितलं. डॉक्टर चष्मा काढून बसले.

"कागद कुठाय?"

"उकळला."

"उकळला?"

"तो हात पुढं करून उभा होता, डॉक्टर!"

"प्रभाबाई, मी फौजदाराला काय सांगू? माझ्या बाईनं एक चिठ्ठी वाचली, ती आता नाही? पेशंट स्वतः म्हणते जिन्यावरून पडले." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तो माणूस साधा नाही. तुम्ही एकट्या राहता. ह्यात पडू नका."

मी एकटी राहत होते हे खरं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, लेक सासरी. दाराला कडी होती, पण एका लाथेत तुटेल अशी. त्या दिवशी पोस्टात जाईपर्यंत मी तीन वेळा परत फिरले. एकदा तर नळाच्या कोपऱ्यावर नुसती उभी राहिले, हातात रिकामी पिशवी घेऊन, बाजाराला निघाल्यासारखी. जीप दिसली की अंगावर काटा यायचा, कुठलीही जीप असो.

तार केली. "शालनच्या जिवाला धोका. ताबडतोब या. एकटे येऊ नका."

"पाठवणाऱ्याचं नाव?" तारबाबूनं विचारलं.

नाव न देता येतं का, हे विचारायला माझं तोंड उघडलं होतं. पण निनावी तारेवर कोण विश्वास ठेवणार? भाऊ म्हणेल, कुणीतरी चेष्टा केली. मी नाव सांगितलं. दवाखान्याचंही सांगितलं. आणि घरी जाऊन दाराला आतून पाटा टेकवून ठेवला.

ते दोन दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. पेशंट निजवताना दार वाजलं की मी दचकायची. एका आजोबांना पालथं करायचं तर उताणंच ठेवलं आणि "तयार!" म्हणून हाक मारली. डॉक्टरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मला सारखी ती विहीर दिसत होती, मी कधीही न पाहिलेली. पोहरा सोडायला गेली आणि पाय घसरला, असं उद्या कुणीतरी येऊन सांगणार. आणि पिशवी माझ्या हातानं बाहेर गेलेली. काचा फुटू नयेत म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यासमोर टेम्पो थांबला. आत चौदा-पंधरा माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर फेटे. त्यांच्यात मधोमध शालन, गोधडीत गुंडाळलेली. जिवंत. मी व्हरांड्यातच मटकन खाली बसले आणि मोठ्यानं रडले, पेशंटांच्या देखत. भावानं माझे पाय धरले. मी म्हटलं, "पाय सोडा हो, आधी तिला आत घ्या, डाव्या कुशीला धक्का लावू नका."

शालन सुटली. पुढं तिचा नवरा रजेवर आला आणि तिला आपल्याबरोबर घेऊन गेला. फौजदारासमोर तिनं सगळं सांगितलं होतं. फौजदार म्हणाला, घर सोडून आलेली बाई आता काहीही सांगणार. घर सोडायच्या आधी लिहिलेलं, तिच्या हातचं काही असतं, तर गोष्ट वेगळी. बाकी विहिरीत गेलेल्या बाईची राख होऊन वर्ष झालेलं. हिंदुराव घरीच राहिला. माझ्याकडे मात्र कधी आला नाही.

मला वाटलं, संपलं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. केसपेपर घेऊन मी नाव पुकारलं आणि हौसाबाई उठून उभ्या राहिल्या. एकट्याच आल्या होत्या, एसटीनं. उजवं मनगट सुजून भाकरीएवढं झालेलं, पदरात गुंडाळलेलं. माझ्या मनात आलं, बरं झालं म्हातारे. देवा, माफ कर, पण आलं.

पडद्याआड घेऊन मी त्यांना टेबलावर बसवलं. झंपराचे हूक काढले. पाठीवर वळ होते, काही जुने पिवळे पडलेले, काही ताजे.

"जिन्यावरून पडलात?" मी कुचकेपणानं विचारलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ल्योकानं मारलं. तू तिला दवाखान्यात नेलीस म्हनून ती गेली, म्हनतो."

"मग नेलंत कशाला?"

"न्यायचीच व्हती. हट धरून आणली व्हती म्या. घरात मेली तर नाव लागंल, म्हटलं त्याला. तवा त्यानं जीप काढली."

माझे हात थांबले. त्या माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होत्या.

"नवस झ्याक वाचलासा. म्या बी चौथीपत्तोर शिकल्याली हाय, बाई. म्हायारी. ह्या घरात कुनी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "म्हणजे तुम्ही ती चिठ्ठी..."

"वाचली की. तुमी पिशवी दिलीसा तवाच. तेवढ्यात ह्यो दारात आला. कागद हातात बघितला त्यानं. फाडावा तर हितंच माझा गळा धरंल. म्हटलं, ह्या बाईच्या हातात देऊन बघू. हिला येत आसंल तर खोटं वाचंल."

"आणि मी खरं वाचलं असतं तर?"

"मग काय," त्या म्हणाल्या. मग सुजलेला हात पदरावर नीट घेत म्हणाल्या, "तेवढा शिजवायला नको व्हता. तुमच्याकडं ऱ्हाईल म्हनून दिला व्हता म्या."

"त्यानं हात पुढं केला होता, मावशी. मी घाबरले."

"म्या बी घाबरलेच की. घाबरले म्हनून तर तुमच्या हातात दिला."

मी त्यांच्या मनगटाखाली उशी सरकवली. ज्या बाईला मी व्हरांड्यातून शिव्या घातल्या, ती त्या दिवशी त्या माणसाच्या जीपमध्ये बसून त्याच्याच घरी परत गेली होती. आणि मी तार केली ती एकीसाठीच.

"तुमच्या माहेरचा पत्ता सांगा," मी म्हटलं. "आत्ता जाते पोस्टात."

"म्हायारात आता चिंचंचं झाड तेवढं हाय, बाई. मानूस न्हाई."

"मग माझ्याकडं चला. दोन खोल्या आहेत. चला, मावशी, खरंच सांगते."

पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ल्योकाच्या घरातनं आई पळून गेली, आसं कुटं आसतंय व्हय? पोटचा हाय. त्यानं बायकू मारली ते म्या जाणती. तरी सांजच्याला त्याला ताट म्याच वाढती. तुमास्नी कळायचं न्हाई."

बाहेरून डॉक्टरांनी विचारलं, "प्रभाबाई, झालं का?"

मी हौसाबाईंच्या मनगटाखालची उशीच सारखी करत राहिले. चौदा वर्षांत मी डॉक्टरांना असं ताटकळत ठेवलं नव्हतं. हौसाबाईच शेवटी म्हणाल्या, "बोलवा की त्यास्नी. तीनची एसटी गाठायची हाय."

प्लास्टर झालं. डॉक्टरांनी ठेवून घ्यायचं म्हटलं, मी हात जोडले, पण त्या थांबल्या नाहीत. स्टँडवर मी पोचवायला गेले. गाडीत चढताना एका हातानं त्यांना दांडा धरता येईना, मी मागून आधार दिला. खिडकीतून त्या म्हणाल्या, "त्या पोरीचं झालं न्हवं बरं? मग झालं." गाडी निघाली.

एक महिन्यानं प्लास्टर काढायला बोलावलं होतं. त्या आल्या नाहीत.

मी आता सदुसष्ट वर्षांची आहे. तगारे डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला. हिंदुरावाच्या गावची माणसं आजही आठवड्याच्या बाजारात भेटतात, "सिस्टर, वळखलं का?" म्हणून हसतात. मी पाऊसपाणी विचारते, पोराबाळांची चौकशी करते. पण हौसाबाई कशा आहेत, कुठल्या सालापर्यंत होत्या, कशानं गेल्या, हे मी एकालाही विचारलेलं नाही. हिंदुरावाची भीती कधीच सरली. विचारलं तर कुणीतरी सांगेल, आणि मग ते मला ऐकावं लागेल.